मेल येतात, पण जात नाहीत: घरच्या कॉम्प्युटरवरून मेल पाठवतानाच्या अडचणी

नागपूरच्या मनीषनगरात आमच्या कॉलनीत कोणाचाही कॉम्प्युटर रुसला की बोलावणं मला येतं. नोकरीत असताना ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळायचो, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. कधी प्रिंटर, कधी राउटर, पण सगळ्यात जास्त तक्रार एकच: "काकाजी, मेल येऊन राहिले, पण जाऊन नाही राहिले!" दर वेळी तेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून हे लिहून ठेवलं. विंडोजच्या कॉम्प्युटरवर आउटलुक किंवा थंडरबर्ड हे मेलचे प्रोग्राम वापरणारे, नाहीतर ब्राउझरमध्ये जीमेल उघडणारे लोक डोळ्यांसमोर आहेत. फक्त मोबाइलवरून मेल करणाऱ्यांना यातलं निम्मंच लागू पडेल.

आधी एक गोष्ट. इथे आकडे मराठीत आहेत, पण सेटिंगमध्ये ते इंग्रजीच टाका. हसू नका. एका मावशींच्या कॉम्प्युटरवर कीबोर्ड मराठीत राहून गेला होता, पोर्टच्या रकान्यात आकडा काही जाईना, आणि आम्ही दोघं पाऊण तास इंटरनेटला शिव्या देत बसलो होतो.

मेल येतात म्हणजे इंटरनेट चालू आहे. मग जात का नाहीत?

कारण येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा आहे. मेल आणायला प्रोग्राम एका सर्व्हरकडे जातो (त्या पद्धतीचं नाव आयमॅप किंवा पॉप) आणि पाठवायला दुसऱ्याच सर्व्हरकडे. पाठवण्याच्या पद्धतीला एसएमटीपी म्हणतात. दोघांचे पत्ते वेगळे, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दारांचे नंबर) वेगळे, आणि बऱ्याचदा कॉम्प्युटरमध्ये साठवलेले पासवर्डही वेगळे. पोस्टमन रोज घरी येतो म्हणून कोपऱ्यावरची लाल पेटी उघडली जातेच असं नाही, तसंच हे.

एसएमटीपी १९८२ सालची आहे. तेव्हा हे जाळं मोजक्या विद्यापीठांचं आणि संशोधन संस्थांचं होतं, सगळे एकमेकांना ओळखायचे, त्यामुळे मेल टाकणाऱ्याला पासवर्ड विचारायची सोयच त्यात नव्हती. ती सोय १९९९ मध्ये जोडली. मधल्या काळात फुकट्या जाहिरातवाल्यांनी उच्छाद मांडला, आणि तेव्हापासून पाठवण्याच्या दारावर कुलपं वाढतच गेली. येणारा मेल फारसा बिघडत नाही आणि जाणारा सारखा अडतो, त्याचं मूळ या कुलपांत आहे.

मग सुरुवात कुठून करू?

सेटिंगला हात लावण्याआधी मेल नेमका कुठे आहे ते शोधा. लोक इथेच चुकतात. मेल गेला नाही म्हटलं की पासवर्ड बदलतात, राउटर रिसेट करतात, अँटिव्हायरस काढून टाकतात, आणि मूळ बिघाड एक असेल तर चार करून ठेवतात.

आउटबॉक्स उघडा. थंडरबर्डमध्येही तेच नाव आहे, 'लोकल फोल्डर्स'खाली. मेल तिथे असेल तर तो तुमच्या घरातून निघालेलाच नाही. दोष तुमच्या प्रोग्राममध्ये, कनेक्शनमध्ये किंवा पासवर्डमध्ये. तिथे नसेल तर 'ड्राफ्ट' पाहा. सेंडचं बटण दाबलंय असं वाटतं आणि दाबलेलं नसतं. 'सेंट'मध्ये दिसत असेल तर तो तुमच्या हातून गेला, आता तुमच्या सेटिंगशी त्याचा संबंध नाही. मग इनबॉक्समध्ये 'मेलर-डीमन' किंवा 'डिलिव्हरी' अशा नावाने काही परत आलंय का बघा. आलं असेल तर कारण त्यातच लिहिलेलं असतं. सेंटमध्ये आहे आणि परतही काही आलं नाही, तर बहुतेक वेळा मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडलेला असतो. सरळ फोन करा त्याला.

त्यानंतर दोन चाचण्या. एक: ब्राउझरमध्ये तुमचं खातं उघडून तिथून एक साधा, बिनफाईलचा मेल स्वतःलाच पाठवा. गेला तर खातं धडधाकट आहे, गडबड आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये. तिथूनही जात नसेल तर खात्यालाच काहीतरी झालंय. दोन: मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करून कॉम्प्युटर त्यावर जोडा आणि आउटलुकमधून पुन्हा पाठवा. हॉटस्पॉटवरून गेला आणि घरच्या वायफायवरून जात नसेल तर दोष राउटरचा किंवा ब्रॉडबँडवाल्याचा. एवढं पाच मिनिटांचं काम झालं की खालच्यापैकी एक-दोनच उत्तरं वाचावी लागतील.

ब्राउझरमधूनच जात नाही. खात्याला काय झालं असेल?

आधी जागा बघा. जीमेलमध्ये फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, आणि १ जून २०२१ पासून फोनवरून चढणारे फोटोही त्यात मोजले जातात. नातवंडांच्या व्हिडिओंनी खातं भरतं आणि आजोबांचा मेल अडतो. 'फोटो तर फोनमधून काढून टाकले' असं म्हणू नका, फोटोंची कचरापेटीही रिकामी करावी लागते.

जागा आहे तरी जात नाही, तर एका दिवसात फार लोकांना मेल केलेत का ते आठवा. त्याबद्दल पुढे सोसायटीच्या नोटिशीत लिहिलंय.

पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतो, पण आउटलुक पुन्हा पुन्हा विचारून राहिला. काहून?

मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच. जीमेल असेल तर ३० मे २०२२ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून गूगलने खासगी खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामांना आत घेणं बंद केलं. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं. तुमचा पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरी जुना प्रोग्राम तो ज्या पद्धतीने दाखवतो, ती पद्धतच आता चालत नाही. चूक झाल्याचा संदेश दिसतो, त्यात बहुधा ५३५ हा आकडा असतो, आणि माणूस बिचारा पासवर्ड बदलत राहतो.

वाट दोन आहेत. चांगली वाट म्हणजे 'ओऑथ२'. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंगच्या अगदी तळाशी 'आउटगोइंग सर्व्हर' असतो. तो निवडून 'एडिट' करा, 'ऑथेंटिकेशन मेथड'मध्ये ओऑथ२ करा. मग गूगलची स्वतःची खिडकी उघडते, तिथे पासवर्ड द्यायचा आणि परवानगी द्यायची. ही खिडकी कोरीच राहिली तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत, चालू करा. येणाऱ्या सर्व्हरची पद्धत बदललीत आणि जाणाऱ्याची राहिली, असं मी इतक्या घरी पाहिलंय की आता आधी तिथेच बघतो.

दुसरी वाट जीमेल आणि याहूसाठी: 'ॲप पासवर्ड'. त्यासाठी जीमेलमध्ये आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू हवं. गूगल तुम्हाला १६ अक्षरं देतं, चार-चारच्या गटांत. प्रोग्रामने पासवर्ड विचारला की नेहमीचा पासवर्ड न देता ती अक्षरं द्यायची. तो कागद मॉनिटरला चिकटवून ठेवू नका. आणि पुढे कधी गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात तर हे ॲप पासवर्ड रद्द होतात, पुन्हा नवा करावा लागतो.

आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलवाल्यांना ओऑथ२ हीच वाट, आणि २०१० चं आउटलुक ती ओळखत नाही. तिथे सेटिंगशी झुंजू नका. थंडरबर्ड फुकट आहे, तो घ्या, नाहीतर ब्राउझर वापरा.

खासगी कंपनीचं किंवा स्वतःच्या डोमेनचं (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचं) खातं असेल तर कारण साधंच असतं: आउटलुकमध्ये 'माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन' असा एक चौकोन आहे, त्यावर टिक नसते.

पासवर्ड बदलला तेव्हापासून मेल येतात, जात नाहीत.

थंडरबर्ड येण्याचा आणि जाण्याचा पासवर्ड वेगवेगळा साठवतो. सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तिथे 'सेव्ह्ड पासवर्ड्स'. एक ओळ आयमॅपने सुरू होणारी, दुसरी एसएमटीपीने. एसएमटीपीची ओळ उडवा, प्रोग्राम बंद करून उघडा, मेल पाठवा. नवा पासवर्ड विचारेल, द्या.

ब्रॉडबँड बदलून फायबर घेतलं. तेव्हापासून 'रिलेइंग डिनाइड' म्हणते.

हे दुखणं खास आपल्या पिढीचं. टेलिफोनच्या तारेवर ब्रॉडबँड होतं तेव्हा कनेक्शन लावायला आलेला मुलगा पाठवण्यासाठी त्याच कंपनीचा सर्व्हर भरून जायचा. मेलचा पत्ता कुठलाही असो, कनेक्शन त्यांचं आहे एवढ्यावर तो सर्व्हर मेल पुढे ढकलायचा. आता कनेक्शन दुसऱ्याचं. जुना सर्व्हर तुम्हाला ओळखत नाही, आणि अनोळखी माणसाचा मेल पुढे न ढकलण्यात त्याचं काही चुकत नाही.

माझ्याच घरी हे झालं होतं. कंपनीच्या मदत केंद्रात तीनदा फोन केला, तिघांनीही राउटर बंद-चालू करायला सांगितलं. शेवटी रात्री अकरा वाजता आउटगोइंग सर्व्हरचं नाव वाचलं, तर ते दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या कंपनीचं!

उपाय असा: ज्यांचं मेलखातं, त्यांचाच सर्व्हर टाका. जीमेलसाठी एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम. याहूसाठी एसएमटीपी डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम. आउटलुक आणि हॉटमेलसाठी एसएमटीपी, मग आडवी रेघ, मग मेल डॉट आउटलुक डॉट कॉम. एकदा हे केलं की पुढे कनेक्शन कितीही वेळा बदला, मेल अडणार नाही.

२५, ४६५, ५८७. यातला कोणता पोर्ट?

५८७, आणि सुरक्षेच्या रकान्यात 'स्टार्टटीएलएस'. किंवा ४६५, आणि सुरक्षेत 'एसएसएल/टीएलएस'. जोडी चुकली की मेल नुसता फिरत राहतो आणि शेवटी 'टाइम आउट' म्हणतो, म्हणून आकडा बदलला की खालचा रकानाही बदला.

२५ टाकू नका. तो पोर्ट सर्व्हर-सर्व्हरमधल्या वाहतुकीसाठी आहे. व्हायरस लागलेले घरचे कॉम्प्युटर याच पोर्टवरून हजारो फालतू मेल सोडायचे, म्हणून पुष्कळ ब्रॉडबँड कंपन्यांनी घरगुती कनेक्शनवर तो अडवलाय. घरच्या माणसांनी मेल टाकण्यासाठी ५८७ हा वेगळा पोर्ट १९९८ पासून ठरलेला आहे. ४६५ ची गंमत अशी की तो मध्ये अधिकृत यादीतून काढला होता आणि जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा मान्य केला. म्हणून जुनी पुस्तकं तो वापरू नका म्हणतात आणि नवी लोकं वापरा म्हणतात. दोघंही आपापल्या काळात बरोबर.

थंडरबर्ड 'कॉपीइंग मेसेज टू सेंट फोल्डर' म्हणून अटकतो. मी तीनदा पाठवला.

मग समोरच्याला तीन मेल मिळाले. ही पाटी दिसते तेव्हा मेल गेलेला असतो. जाण्याचं काम झालं, आता त्याची प्रत तुमच्या सेंटमध्ये ठेवायचं काम अडलंय, आणि ते येण्याच्या रस्त्याने म्हणजे आयमॅपने होतं. पुन्हा सेंड दाबू नका. जीमेल ती प्रत स्वतःच ठेवतं, त्यामुळे 'कॉपीज अँड फोल्डर्स'मधली प्रत ठेवायची टिक जीमेल खात्यापुरती काढून टाकली तरी चालतं. आमच्या एका शेजाऱ्यांनी पोरीच्या लग्नाची पत्रिका अशी पाचदा पाठवली. पाहुण्यांना वाटलं, फार आग्रहाचं बोलावणं आहे.

मेल आउटबॉक्समध्येच बसलाय. हलतही नाही, डिलीटही होत नाही.

आउटलुकमध्ये 'सेंड/रिसीव्ह' टॅबवर 'वर्क ऑफलाइन' बटण आहे. माऊस चुकून त्यावर पडला की बाकी सगळं नेहमीसारखं दिसतं, फक्त काही जात नाही. खालच्या पट्टीत 'वर्किंग ऑफलाइन' लिहिलेलं असेल तर तेच बटण पुन्हा दाबा.

दुसरं, जुन्या आउटलुकची एक खोड आहे. आउटबॉक्समधला मेल तुम्ही नुसता उघडून बघितलात तरी त्याची तिरपी अक्षरं सरळ होतात आणि तो रांगेतून बाहेर पडतो. उघडलाच तर आतून पुन्हा सेंड दाबा. डिलीट करायचा असेल तर आधी वर्क ऑफलाइन करा, आउटलुक बंद करून उघडा, मग उडवा.

आणि उन्हाळ्यात एक नागपुरी कारण. दुपारी लाईट जाते. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू, डोक्यावर पंखा इन्व्हर्टरवर चालू, म्हणून माणसाला काही कळत नाही. राउटरचा प्लग मात्र कूलरच्या बोर्डात, तो बंद. राउटर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्या, इलेक्ट्रिशियनचं दहा मिनिटांचं काम आहे.

फाईल जोडली की मेल जात नाही.

जीमेलची मर्यादा २५ एमबी. पण २५ एमबीची फाईल त्यात बसत नाही. मेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनलाय, त्यामुळे फोटो किंवा पीडीएफ पाठवताना प्रोग्राम त्याचं अक्षरांत रूपांतर करतो, आणि दर ३ बाइटांची ४ अक्षरं होतात. म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढतं. १८ एमबीची फाईल वाटेत जवळजवळ २५ एमबीची झालेली असते. साधारण १७-१८ च्या वर गेलात की ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवा. ब्राउझरमधलं जीमेल मोठी फाईल आपणहून ड्राइव्हवर नेतं. आउटलुक-थंडरबर्डमधून पाठवताना जीमेल ती सोय करत नाही. लिंक पाठवताना 'ज्याच्याकडे लिंक आहे तो पाहू शकेल' हे निवडा, नाहीतर समोरचा परवानगी मागत बसेल.

वेगाचाही हिशोब करा. जाहिरातीत दिसतो तो वेग बहुधा उतरवण्याचा असतो. तुमचा चढवण्याचा वेग १ एमबीपीएस असेल तर २० एमबीची फाईल फुगून २७ एमबी होते, म्हणजे २१६ मेगाबिट, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या वर. तेवढ्यात लोक प्रोग्राम बंद करून टाकतात.

बहुतेक वेळा फाईल एवढी मोठी असायचं कारणच नसतं. पासबुकचं पान ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करायची गरज काय? २०० डीपीआय, काळं-पांढरं करा; पान वाचता येतं आणि वजन कुठल्या कुठे उतरतं.

शेवट 'ईएक्सई' असलेली फाईल जीमेल घेत नाही, झिप करून लपवली तरी नाही. नाव बदलून फसवायच्या भानगडीत पडू नका.

'सर्टिफिकेट' चुकीचं आहे म्हणते.

उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. दहा-बारा वर्षं जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपली की प्लग काढल्याबरोबर तारीख कुठल्यातरी जुन्या सालावर जाते. सर्व्हरचं प्रमाणपत्र ठराविक तारखांमध्येच खरं धरतात. तुमच्या कॉम्प्युटरला वाटतं, हे तर अजून सुरूच झालं नाही. बॅटरीचा नंबर सहसा सीआर२०३२, तीन व्होल्टची, सीताबर्डीत कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून, प्लग काढून मगच बदला.

घड्याळ बरोबर असेल तर अँटिव्हायरस. काही अँटिव्हायरस जाणारा मेल मध्येच पकडून तपासतात आणि पुढे स्वतःचं प्रमाणपत्र दाखवतात, मग थंडरबर्ड बिचकतो. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये मेल स्कॅनिंग तेवढं बंद करून बघा. अख्खा अँटिव्हायरस काढू नका.

विंडोज ७ आहे. विंडोजचं 'मेल' ॲपही चालत नाही.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज १० मधलं 'मेल' ॲप मायक्रोसॉफ्टनेच ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं. त्यातून आता मेल येत नाही की जात नाही, सेटिंग शोधू नका. विंडोज ७ वरच्या जुन्या आउटलुकला टीएलएस १.२ ही नवी कुलूपभाषा सरळ बोलता येत नाही आणि मोठे सर्व्हर आता जुनी ऐकत नाहीत. विंडोज १० चीही मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेली आहे. मशीन जुनंच ठेवायचं असेल तर निदान मेल तरी त्यावर उघडू नका.

मेल परत आला. इंग्रजीत दोन पानं लिहिलंय. काय वाचू?

तीन अंकी आकडा शोधा. ४ ने सुरू होत असेल (४२१, ४५०, ४५१) तर अडचण तात्पुरती. सर्व्हर स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, साधारण चार-पाच दिवसांपर्यंत. तुम्ही काही करू नका, विशेषतः पुन्हा पाठवू नका. ५ ने सुरू होत असेल तर नकार पक्का, काहीतरी बदलल्याशिवाय तो मेल जाणार नाही.

५५० आणि पुढे ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. पत्ता अक्षर-अक्षर वाचा. शेवटी 'कॉम'च्या जागी 'कॉन' झालेलं असतं, नाहीतर पत्त्यानंतर पूर्णविराम राहिलेला असतो. कॉम्प्युटर दोन अक्षरं टाकली की जुना पत्ता सुचवतो, तोही बघा. आउटलुकमध्ये त्या सुचवणीपुढची फुली दाबली की ती कायमची जाते. ५५२ म्हणजे आकार जास्त किंवा समोरचा डबा भरलेला. ५५४ किंवा ५.७ ने सुरू होणारं काहीही म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही: स्पॅम वाटलं किंवा ओळख पटली नाही.

इतवारीतल्या एका व्यापारी मित्राने स्वतःच्या दुकानाचं डोमेन घेतलंय. वेबसाइट दुसऱ्या कंपनीकडे हलवली आणि जीमेलवाल्या सगळ्या गिऱ्हाइकांकडून त्याचे मेल परत येऊ लागले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी लागतं. एसपीएफ म्हणजे कोणते सर्व्हर तुमच्या नावाने मेल पाठवू शकतात त्याची जाहीर नोंद, आणि डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. जागा हलवली, नोंद हलवली नाही. वेबसाइटवाल्याकडून ती करून घ्या, आणि एसपीएफची ओळ एकच ठेवा. जुनी तशीच ठेवून दुसरी जोडली की दोन्ही निकामी होतात.

सोसायटीची नोटीस तीनशे सभासदांना पाठवली आणि खातंच अडकलं.

फुकटच्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे. सकाळी एकदा चुकीची तारीख असलेली नोटीस तीनशे जणांना, दुपारी दुरुस्त करून पुन्हा तीनशे जणांना, झालं! साधारण चोवीस तासांत खातं आपोआप मोकळं होतं, तोवर येणारे मेल येत राहतात. यापुढे 'गूगल ग्रुप' करा किंवा पन्नास-पन्नासचे गट पाडून वेगवेगळ्या दिवशी पाठवा. आणि पत्ते 'बीसीसी'त टाका, म्हणजे प्रत्येकाचा पत्ता सगळ्यांना दिसत नाही. जुन्या यादीत वारलेल्यांचे आणि घर सोडून गेलेल्यांचे पत्ते असतात, तेही काढा. खूप मेल परत यायला लागले की तुमच्यावरचा विश्वास आणखी कमी होतो.

मी न पाठवलेलेच मेल परत येऊन राहिले!

पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो. सेंटमध्ये ते मेल नसतील तर बहुधा कोणीतरी नुसतं तुमचं नाव वापरलंय, काही दिवसांत थांबतं. सेंटमध्ये असतील तर कोणी आत शिरलंय. ब्राउझरमधल्या जीमेलच्या अगदी तळाशी उजवीकडे 'डिटेल्स' दाबलं की कुठून कुठून खातं उघडलं ते दिसतं. पासवर्ड बदला, टू-स्टेप चालू करा, आणि सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग जरूर बघा. चोर जाताना तिथे स्वतःचा पत्ता ठेवून जातात. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

अर्ज मराठीत टाईप केला, समोरच्याला भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात.

तुमचा मजकूर कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये आहे. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवतात. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर मुखवटा उतरतो. पीडीएफ करून पाठवा, त्यात फॉन्ट सोबत जातो. नव्याने टाईप करत असाल तर युनिकोडमध्येच करा. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर पाठवताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' नव्हतं.

अर्जाची आज रात्री बारापर्यंत मुदत आहे. मी वेळेत सेंड दाबलं, एवढं पुरे ना?

नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ प्रमाणे, दोघांचं वेगळं काही ठरलेलं नसेल तर मेल तुमच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरला की तो पाठवला असं धरतात. आउटबॉक्स तुमच्याच ताब्यात आहे. तो रिकामा झालाय आणि मेल सेंटमध्ये वेळेसह दिसतोय हे बघूनच खुर्ची सोडा. आणि पाठवला म्हणजे पोचला असं नाही, त्याचा नियम त्याच कलमात वेगळा आहे. जाहिरातीत 'अमुक वेळेपर्यंत प्राप्त' असं लिहिलेलं असेल तर शेवटच्या तासावर राहूच नका, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच फोन करून पोच विचारा.

गूगलवर कस्टमर केअरचा नंबर सापडला, तो माणूस फार गोड बोलून राहिला.

फोन ठेवा. शोधून सापडणारे असे नंबर पुष्कळदा भामट्यांचे असतात. कॉम्प्युटर दुरून चालवण्याचं ॲप टाकायला लावतात, मग ओटीपी विचारतात, आणि मेलच्या दुरुस्तीत बँकेचं खातं रिकामं होतं. फुकटच्या मेलखात्यासाठी कोणी माणूस फोनवर बसलेला नसतो.

सगळं केलं, तरी जात नाही. खातं काढून नव्याने जोडू का?

जोडा, आणि बरेचदा त्यानेच सुटतं. पण काढण्याआधी खात्याचा प्रकार बघा. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर आहेत, परत उतरतील. पॉप असेल तर जुने मेल कदाचित फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर आहेत. आउटलुकची 'पीएसटी' फाईल किंवा थंडरबर्डचं पूर्ण प्रोफाइल फोल्डर आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. धरमपेठेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी उत्साहात खातं उडवलं. अडलेला एक मेल गेला, पण मुलाने परदेशातून नऊ वर्षं लिहिलेले सगळे त्याच्याबरोबर गेले.